अनुभव कुणासमोर किती सांगावा?

प्रश्न : ताई, गेली काही वर्षं मी घरी बसून ऑनलाइन रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-मननाचं शिबिर, करते. या खेपेला बेनेडिक्टाइन सिस्टरांनी घेतलेल्या रिट्रीटमध्ये आहे. दर शनिवारी दोन तास, गट लहानसाच. मागच्या शनिवारी लेक्शिओ दिविनासाठी, म्हणजे सावकाश, प्रार्थनापूर्वक वाचनासाठी, बायबलमधलं स्तोत्र १३१ होतं. दूध तुटलेलं मूल आईजवळ निवांत असतं, त्या ओळीपाशी मी अडकले आणि रडू आवरेना. आमची थोरली मुलगी बऱ्याच वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही. कारण सांगण्यासारखं नाही, आणि चूक एकट्या तिची नाही. मी कॅमेरा बंद केला. रडू ओसरल्यावर मात्र इतकं शांत वाटलं, तसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा आहे. सत्राचं रेकॉर्डिंग होणार आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना पाठवणार. शिवाय सिस्टर म्हणाल्या की पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेसाठी एक पान लिहून द्या, नावासकट. मैत्रीण म्हणते, देवाने दिलेलं असं कुणाला सांगायचं नसतं, सांगितलं की विरतं. मला वाटतं, काहीच न बोलणं म्हणजे आपलं घेऊन उठून जाणं. पण सांगावंसं वाटतं त्यात थोडी मिरवण्याची हौस आहे, हेही मला कळतं. यजमान शेजारच्या खोलीत असतात, त्यांना सगळं ऐकू जातं. मी काय करू? आणि हे मुलीला कळवू का?

(नाव छापू नये)

उत्तर : तुमच्या मैत्रिणीपासून सुरुवात करते, कारण तिचं म्हणणं पुष्कळांना पटतं आणि ते अर्धंच खरं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे व्यवहारात ठीक आहे. पण तुमच्या सिस्टरांचा पंथ ज्यांच्या नावाने चालतो त्या संत बेनेडिक्टच्या शिष्यांनी मूठ झाकून ठेवली असती तर आज त्यांचं नाव तरी कुणाला माहीत असतं का? त्यांच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळतं ते जवळजवळ सगळं पोप ग्रेगरी यांनी सुमारे ५९३-५९४ मध्ये लिहिलेल्या ‘संवाद’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातून. ग्रेगरी सुरुवातीलाच सांगतात की मी स्वतः हे पाहिलेलं नाही, त्यांच्या चार शिष्यांकडून ऐकलं आहे. शिष्यांची नावंही देतात. म्हणजे कुणीतरी सांगितलं, कुणीतरी ऐकलं, म्हणून ते तरुणपणी एकटे राहिले ती सुबियाकोची गुहा आणि त्यांनी स्थापलेला मोन्ते कास्सिनोचा मठ आपल्यापर्यंत पोचला.

त्याच ग्रंथात एक प्रसंग आहे, तो तुमच्या प्रश्नाला फार जवळचा वाटतो. रात्रीची उपासना सुरू व्हायला अवकाश होता. बेनेडिक्ट मनोऱ्यातल्या वरच्या खोलीत खिडकीशी उभे राहून प्रार्थना करत होते. एकाएकी काळोख फाकला, दिवसापेक्षा लख्ख उजेड झाला आणि सारं जग एकाच किरणात गोळा होऊन त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्या उजेडात इटलीतल्याच कापुआ शहराचे बिशप जर्मानुस यांचा आत्मा वर नेला जाताना त्यांना दिसला. आता ते काय करतात पाहा. खालच्या खोलीत सेर्वांदुस नावाचे दुसऱ्या मठाचे मठाधिपती पाहुणे म्हणून झोपले होते. बेनेडिक्ट त्यांना मोठमोठ्याने हाका मारतात. सेर्वांदुस धडपडत वर येतात, पण तोवर उजेडाचा थोडासाच भाग उरलेला असतो. मग काय झालं ते बेनेडिक्ट त्यांना क्रमाने सांगतात आणि लगेच माणूस पाठवून कापुआला चौकशी करवतात. बिशप त्याच वेळी वारले होते असं कळतं.

इतका मोठा अनुभव, पण त्यांना तो एकट्याजवळ ठेवावासा वाटला नाही. हाका मारून सांगितला. मात्र सगळा मठ गोळा केला नाही. जो जवळ होता, ज्याच्याशी आधीपासून अशा गोष्टी बोलणं होत होतं, त्या एका माणसाला सांगितला. वर आपल्याला दिसलं ते खरं की भास, याचीही खातरजमा केली. मैत्रिणीला हा प्रसंग जरूर सांगा.

आता दुसरी बाजू. मठात कसं राहावं यावर बेनेडिक्टनी लिहिलेल्या नियमग्रंथात प्रस्तावना आणि ७३ प्रकरणं आहेत. ‘ऐक’ या शब्दाने तो सुरू होतो हे प्रत्येक रिट्रीटमध्ये पहिल्या तासालाच सांगतात, तुम्हीही ऐकलं असेल, म्हणून त्यावर थांबत नाही. मला त्यात वेगळंच काही जाणवतं. या ७३ प्रकरणांत बेनेडिक्ट स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. तरुणपणी रोम सोडून गुहेत एकट्याने काढलेली तीन वर्षं त्यात नाहीत. ज्या संन्याशांनी आग्रहाने मठाधिपती म्हणून नेलं त्यांनीच पुढे द्राक्षारसात विष कालवलं, तेही नाही. खिडकीतला तो उजेडही नाही. दुसऱ्या कुणी आपल्या आध्यात्मिक जीवनावर पुस्तक लिहिलं असतं तर पहिलं प्रकरण गुहेवर आणि दुसरं विषावर झालं असतं.

आणि तरीही ओळीओळीत त्यांचा अनुभव आहे. पहाटेच्या उपासनेला उठताना एकमेकांना हळूच हाक द्या, कारण झोपाळूंना सबबी सुचतात, असं ते २२व्या प्रकरणात लिहितात. पहाटेचं सुरुवातीचं स्तोत्र मुद्दाम रेंगाळत म्हणा, म्हणजे मागाहून येणाऱ्यांना पोचता येईल. उशीर झालेल्याला दाराबाहेर ठेवू नका, आत घ्या, नाहीतर तो परत जाऊन झोपेल किंवा बाहेर गप्पा मारत बसेल. द्राक्षारस संन्याशांसाठी नाहीच असं आम्ही वाचलं आहे, पण आजच्या संन्याशांना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान बेताने तरी घ्या, असंही सांगून टाकतात. हे काही पुस्तकात वाचून सुचत नाही. वर्षानुवर्षं माणसांबरोबर राहिलेल्या, त्यांच्यावर चिडलेल्या आणि तरी त्यांना सांभाळलेल्या माणसाचं हे लिहिणं आहे. फक्त त्यातून ‘मी’ काढून टाकला आहे आणि दुसऱ्याच्या उपयोगाचं तेवढं ठेवलं आहे.

तुम्ही शनिवारी काय सांगावं, याचं माझं उत्तर इथेच आहे. त्या ओळीने तुमच्यात काय हललं आणि त्यातून उद्या सकाळी दुसऱ्या कुणाच्या हाती काय लागू शकेल, ते सांगा. मुलीची गोष्ट सांगू नका.

ती का सांगू नये, हे लाजेचं म्हणून म्हणत नाही. ४६वं प्रकरण उघडून पाहा. लहानसं आहे, आणि रिट्रीटमध्ये त्याचा उल्लेख फारसा होत नाही. त्यात आधी सांगितलं आहे की स्वयंपाकघरात, कोठारात, बागेत, कुठेही काम करताना काही मोडलं, हरवलं, चुकलं, तर ताबडतोब येऊन मठाधिपती आणि सगळ्या समुदायासमोर आपणहून सांगावं. लपवलं आणि दुसऱ्याकडून कळलं तर शिक्षा मोठी. इथवर वाचलं की वाटतं, सगळं सगळ्यांसमोर मांडायचं हाच बेनेडिक्टचा शिरस्ता. पण लगेच पुढे ते थांबवतात. गोष्ट मनाच्या आतली, दडलेली असेल तर ती फक्त मठाधिपतीला किंवा आध्यात्मिक दृष्ट्या जाणत्या वडीलधाऱ्यांनाच सांगावी. हे जाणते कोण, तर ज्यांना स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जखमा बऱ्या करता येतात आणि ज्या ते चव्हाट्यावर मांडत नाहीत.

सहाव्या शतकातला हा माणूस दोन गोष्टी किती नेमक्या वेगळ्या करतो! फुटलेलं भांडं सगळ्यांना सांगा. जखम मात्र पोटात ठेवणाऱ्या एकाला. हल्ली अनुभवकथनाच्या सत्रांत या दोन्हींची सरमिसळ होते, आणि जो जास्त आतलं बोलेल तो जास्त प्रामाणिक असा एक समज नकळत तयार होतो. पहिला रडला की दुसऱ्याला न रडता बोलणं कोरडं वाटू लागतं. घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण गटात सगळ्यांना जखमा बऱ्या करता येतात असं नाही. काहींना त्या फक्त पाहायला मिळतात, आणि एखाद्याला लगेच उपाय सुचवायची घाई होते. तुमचं बोलणं संपायच्या आत कुणीतरी चॅटमध्ये लिहील, ‘माझ्या भाचीचंही असंच होतं, तुम्ही अमुक करा.’ त्या क्षणी तुमची शांतता कुठे जाईल, सांगा.

शिवाय ती गोष्ट एकट्या तुमची नाही. चूक एकट्या तिची नाही असं तुम्हीच लिहिलं आहे, म्हणजे तिचीही एक बाजू आहे आणि ती मांडायला ती त्या गटात नसेल. खोलीत समोरासमोर बोललेलं हवेत विरतं. रेकॉर्ड झालेलं विरत नाही. न आलेल्यांना पाठवलेला व्हिडिओ आणखी कुणाकुणाकडे जाईल, हे सिस्टरांच्याही हातात नाही. तुमचं नाव पडद्यावर चेहऱ्याखाली लिहिलेलं असतं. कुणीतरी ओळखीचं निघतंच. मुलीपर्यंत ही गोष्ट तिसऱ्याच माणसाकडून पोचली, तर जी थोडी वाट उरली असेल तीही बुजेल.

तेव्हा सिस्टरांशी आधी बोला, गटात नाही, खासगीत, आणि शनिवार उजाडायच्या आत. यालाही नियमग्रंथात आधार आहे. ६८वं प्रकरण, न झेपणारं काम सांगितलं तर काय करावं यावर. तिथे म्हटलं आहे की काम शक्तीबाहेरचं वाटलं तर योग्य वेळ पाहून, शांतपणे, न चिडता आणि न अडून बसता वरिष्ठांना कारण सांगावं. तुम्ही म्हणू शकता, ‘सिस्टर, मला बोलायचं आहे, पण माझ्या अनुभवात घरातलं दुसरं माणूस आहे. रेकॉर्डिंग चालू असताना ते सांगणं मला बरोबर वाटत नाही. अनुभवांच्या वेळी रेकॉर्डिंग बंद ठेवता येईल का? नाहीतर मी थोडक्यात बोलेन.’ कोणत्याही समजूतदार सिस्टरांना हे पटेल. बहुधा गटातल्या आणखी दोघांनाही हेच विचारायचं असेल आणि धीर होत नसेल. प्रवचनं रेकॉर्ड करा, स्तोत्रवाचन करा, पण माणसं स्वतःबद्दल बोलतात तो भाग रेकॉर्ड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जो शनिवारी आला नाही त्याचं त्यात काही अडत नाही.

मिरवण्याच्या हौसेबद्दल लिहिलंत, ते मला आवडलं. ती असणारच. ती पूर्ण जाईपर्यंत थांबायचं ठरवलं तर जगात कुणी तोंड उघडणार नाही. गंमत म्हणजे ज्या स्तोत्राने तुम्हाला रडवलं, त्याच स्तोत्र १३१च्या ओळी बेनेडिक्टनी नम्रतेवरच्या सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला घेतल्या आहेत. तुमच्या सिस्टरांनी हे जाणून ते स्तोत्र निवडलं असेल तर त्यांना माझा नमस्कार कळवा. त्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. पाचवी म्हणते की मनात येणारे वाईट विचार आणि गुपचूप केलेल्या चुका मठाधिपतीपासून लपवू नयेत. नववी म्हणते की जिभेला आवर घालावा आणि विचारल्याशिवाय बोलू नये. एकाच शिडीवर एक पायरी उघडायला सांगते, दुसरी आवरायला, आणि दोन्ही चढायच्या आहेत. तुम्हाला तर विचारलं गेलं आहे. तेव्हा बोला.

हौस आटोक्यात ठेवायची तर बोलणं आखूड ठेवावं, यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही. २०व्या प्रकरणात बेनेडिक्ट म्हणतात की प्रार्थना थोडकी आणि निर्मळ असावी, आणि सगळे मिळून करतात ती तर नेहमी थोडक्यातच आटपावी. सांगण्यालाही हेच लावा. तीन मिनिटं पुष्कळ झाली. आणि एक वाक्य आधीच खोडून टाका, ‘तसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं’ हे. ते खरं असेल, पण ऐकणाऱ्याच्या काही कामाचं नाही. गटात अशी एखादी व्यक्ती नक्की असते जिला चारही शनिवार काहीच वाटलेलं नसतं. ती रोज वाचते, बसते, आणि मन कोरडं राहतं. तुमचं ते वाक्य ऐकून तिला वाटेल, देव माझ्या वाटेला फिरकतच नाही. बेनेडिक्टच्या वाटेवर तिचं कोरडं बसणं तुमच्या रडण्यापेक्षा तिळभरही कमी नाही. त्यांच्या नियमग्रंथाप्रमाणे दर आठवड्याला दीडशे स्तोत्रं पूर्ण म्हणायची असतात, मन लागो न लागो. तुमच्यानंतर बोलायची तिची पाळी असेल तर ‘मला काहीच झालं नाही’ हे तिला संकोच न वाटता म्हणता यावं, इतपत तुमचं बोलणं साधं असू द्या.

कसं बोलता येईल याचा एक नमुना देते. हा मी रचलेला आहे, तुमच्या मनात काय झालं ते तुम्हालाच ठाऊक.

‘स्तोत्र १३१ वाचताना मी दुसऱ्या कडव्यापाशी थांबले. घरातल्या एका नात्याची आठवण झाली, त्याबद्दल इथे बोलत नाही. एवढंच सांगते की मी रोज प्रार्थनेत देवाला काय काय करायचं त्याची यादी देत होते. दूध तुटलेलं मूल आईजवळ येतं ते दुधासाठी नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. आता सकाळी स्तोत्र वाचून झालं की काही न मागता थोडा वेळ बसते. कधी जमतं, कधी मन पुन्हा यादी काढतं.’

बस. यात खोटं काही नाही, लपवाछपवीही नाही. नातं आहे हे सांगितलं, कुणाचं ते सांगितलं नाही. आणि ऐकणाऱ्याला सत्र संपल्यावर करून पाहता येईल असं काहीतरी त्यात आहे. ‘आपण सगळे असेच असतो’ असं मात्र म्हणू नका. स्वतःपुरतं बोला. बोलताना रडू आलं तर येऊ द्या, माफी मागत बसू नका. कॅमेरा बंद करावासा वाटला तर तोही करा. प्रार्थनाघराबद्दल ५२व्या प्रकरणात म्हटलंच आहे की कुणाला एकट्याने प्रार्थना करायची असेल तर त्याने सरळ आत जाऊन करावी, मोठ्या आवाजात नव्हे, तर अश्रूंनी आणि मन एकवटून. गेल्या शनिवारी तुम्ही कॅमेरा बंद केलात तेव्हा हेच केलंत.

ऑनलाइन गटाची एक अडचण आहे, ती सिस्टरांच्या कानावर घालता आली तर पाहा. एकाचं बोलणं संपल्यावर मठाच्या खोलीत जी शांतता असते ती सगळ्यांची मिळून असते. पडद्यावर तीच शांतता आली की माणसं घाबरतात. नेट गेलं का, माझा आवाज बंद आहे का, असं होऊन कुणीतरी ती भरायला बोलू लागतं, आणि मग तुमच्या अनुभवावर चर्चा सुरू होते. आधीच सांगून ठेवावं की प्रत्येकानंतर मिनिटभर कुणी बोलणार नाही, चॅटमध्ये लिहिणार नाही, हृदयाची चित्रंही पाठवणार नाही, आणि कुणाच्या बोलण्यावर सल्ला द्यायचा नाही. एवढं केलं तरी अनुभवकथनाचा निम्मा गोंधळ मिटतो.

यजमानांचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण मला तो मोठा वाटला. कानाला इयरफोन लावले की आपल्याला ऐकू येतं ते इतरांपासून झाकलं जातं, आपण बोलतो ते नाही. त्यांना दोन तास बाहेर पाठवणं हा एक मार्ग. पण त्या मुलीचे ते वडील आहेत. भिंतीपलीकडून अर्धंमुर्धं त्यांच्या कानावर पडण्यापेक्षा शनिवारच्या आधी तुम्हीच त्यांना सांगितलंत तर? स्तोत्राचं नाही सांगितलं तरी चालेल. ‘परवा तिची फार आठवण आली’ एवढं पुरे. गटाला सांगण्याआधी घरातल्या माणसाला सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. तुमच्या दोघांमध्ये हा विषयच काढायचा नाही असं ठरून गेलं असेल तर ते किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, म्हणून आग्रह करत नाही.

आणि जखम सांगायला एक माणूस शोधा. त्या सिस्टर असतील, एखादे फादर असतील, किंवा वयाने आणि मनाने मोठी अशी कुणी बाई असेल. निवडताना ४६व्या प्रकरणाचीच कसोटी लावा : या माणसाला स्वतःच्या जखमा माहीत आहेत का, आणि ऐकलेलं पोटात राहतं का? दुसऱ्यांच्या गोष्टी नावं गाळून का होईना, पण सतत सांगणारं माणूस टाळा. असं बोलणं व्हिडिओवरही होऊ शकतं, रेकॉर्डिंगशिवाय. पापनिवेदन, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली, करायचं असेल तर मात्र समोरासमोरच जावं लागतं, तो संस्कार फोनवर किंवा पडद्यावर होत नाही. आणि मुलीबरोबरच्या भांडणात मारहाण, व्यसन, पैशाची फसवणूक असं काही असेल, तर जोडीला कुटुंब-समुपदेशकाकडेही जा. प्रार्थना आणि समुपदेशन यांत कुठला झगडा नाही.

पुस्तिकेचं पान या वर्षी लिहू नका. बोललेल्यापेक्षा छापलेलं जास्त टिकतं, आणि आठवड्याभरापूर्वीच्या अनुभवाचं पुढे काय होणार हे आज तुम्हालाही माहीत नाही. ग्रेगरींनी बेनेडिक्टच्या गोष्टी लिहिल्या त्या त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस-पन्नास वर्षांनी. तितकं थांबा असं म्हणत नाही. पण वर्षभरानंतर ती सकाळची बैठक टिकली आहे का, घरातल्या माणसांशी वागण्यात काही फरक पडला आहे का, ते पाहा आणि मग लिहा. बेनेडिक्ट कोठार सांभाळणाऱ्याला सांगतात की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मान. त्यांच्याकडे प्रार्थनेची परीक्षा कोठारात आणि स्वयंपाकघरात होते. लिहिण्यासारखं काही असेल तर ते तिथून येईल. नाव घालायचं की नाही हेही तेव्हाच ठरवा. आज सिस्टरांना द्यायला दुसरं काही नसेल तर एक चांगला शब्द द्या. देण्यासारखी वस्तू नसेल तेव्हा कोठार सांभाळणाऱ्याने तेच करावं असं नियमग्रंथात आहे.

‘घेऊन उठून जाणं’ ही तुमची टोचणीही मला रास्त वाटते, पण देणं म्हणजे फक्त सांगणं असं तुम्ही का धरलंत? शनिवारी इतर बोलत असताना मोबाइल दूर ठेवून, दुसरी खिडकी न उघडता, आपण काय बोलणार याची मनात जुळवाजुळव न करता ऐकलंत, तर तुम्ही भरपूर दिलंत. पडद्यासमोर तसं ऐकणं बोलण्याहून कठीण आहे, करून पाहा.

आता मुलगी. तिला हा अनुभव कळवू नका. कारण सांगते. ‘प्रार्थनेत तुझी आठवण आली, खूप रडले आणि मग फार शांत वाटलं’ हे तुमच्या बाजूने प्रेमाचं आहे. तिच्या बाजूने ते असं ऐकू येऊ शकतं की आईने माझ्याशिवायच आपलं मन निववून घेतलं, देवाशी तिचा हिशेब मिटला आणि माझं तसंच राहिलं. स्तोत्रातल्या मुलाचा दाखला तर मुळीच नको. तुमच्यापाशी निवांत बसलेलं मूल ही तुमची आस आहे. तिला ती मागणी वाटेल.

नियमग्रंथात १३व्या प्रकरणात एक बारीकशी सूचना आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या उपासनेत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना मठाधिपतीने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणावी. कारण काय, तर एकत्र राहताना भांडणाचे काटे उगवतातच. ‘जशी आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर’ हे शब्द दिवसातून दोनदा कानावर पडले की ते काटे निघायला मदत होते. वरवरचा सलोखा करू नये, असं चौथ्या प्रकरणात वेगळं सांगितलं आहे. तुमच्यासाठी मी या दोन्हींतून एवढंच घेईन की क्षमेची ती ओळ रोज मोठ्याने म्हणा, यजमान ऐकत असले तरी, आणि मुलीशी खोटं गोड बोलायला जाऊ नका.

तिला निरोप पाठवायचा असेल तर दोन ओळींचा पाठवा. तिच्या तब्येतीची, कामाची विचारपूस, आणि उत्तर द्यायलाच हवं असं नाही, एवढं. देव नको, जुनी भांडणं नकोत, ‘मी सगळं विसरले’ तर अजिबात नको, कारण ती विसरली नसेल. उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा निरोप धाडू नका, बरेच महिने जाऊ द्या. आणि हा निरोप शेवटच्या शनिवारच्या आधी पाठवू नका. नाहीतर गटात बोलताना ‘आणि मग मी मुलीला मेसेज केला’ असं वाक्य तोंडातून गेल्याशिवाय राहणार नाही, आणि पुढच्या आठवड्यापासून तिचं काय उत्तर आलं हे सगळे तुम्हाला विचारत बसतील.